हेमाचा पिवळा रंग

हेमा,

शोकसभेत तुला हसतमुख म्हणाले. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. क्षणभर वाटलं, ही सभा दुसऱ्या कुणाची तरी असावी. तू हसतमुख कुठे होतीस गं? प्रॅक्टिकलला उशिरा आलेल्या मुलांना तू दारातूनच परत पाठवायचीस. स्टाफरूममध्ये कुणी विनोद केला तर शांतपणे ऐकून घ्यायचीस आणि मग विचारायचीस, "पुढे?" सांगणाऱ्याची पंचाईत व्हायची. मनमिळाऊ म्हणाले, मृदुभाषी म्हणाले. मलाही बोलायला सांगितलं होतं. मी उठले, "हेमा माझी मैत्रीण होती" एवढं म्हणाले आणि खाली बसले. बाकी जे होतं ते त्या सभेला सांगण्यासारखं नव्हतं. तुलाच सांगायचं होतं.

आपण दोघी कल्याणच्या त्या कॉलेजात, रसायनशास्त्र विभागात, एकाच वर्षी लागलो. तू ठाण्याहून, चेंदणी कोळीवाड्यातून यायचीस, मी डोंबिवलीहून. पहिले कित्येक महिने आपण कामापुरतं बोलायचो. मग प्रयोगशाळेत गॅस बनवायच्या त्या किपच्या उपकरणाचा दिवस आला. सडक्या अंड्यासारखा वास येणारा तो गॅस अख्ख्या मजल्यावर पसरला होता, आणि आपल्याच विभागातले एक ज्येष्ठ गृहस्थ नाकाला रुमाल लावून स्टाफरूममध्ये शिरले. तुझ्याकडे बघत म्हणाले, "आज काय, कोळीवाडाच इकडे आलाय वाटतं."

तू पेपर तपासत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "हा हायड्रोजन सल्फाइड आहे, सर. माशाचा वास वेगळा असतो. मला दोन्ही ओळखता येतात."

मी मोठ्याने हसले. एकटीच. संध्याकाळी तू मला गाठलंस आणि म्हणालीस, "तू हसलीस ते बरं वाटलं, पण पुन्हा हसू नकोस. त्यांना वाटेल मी गंमत केली." आपली मैत्री तिथून सुरू झाली, तुझ्या रागावण्यातून.

तू पीएच.डी.ला नाव नोंदवलंस तेव्हा विभागात कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. कॉलेजच्या नोकरीत राहून, मुंबईतल्या मार्गदर्शक सरांकडे खेपा घालून संशोधन करायचं म्हणजे दहा वर्षं जाणार आणि शेवटी सोडून देणार, असा सगळ्यांचा अंदाज. विषयही कुणाला धड कळेना. कॅडमियम सल्फाइड हा मूळचा गडद पिवळा पदार्थ, चित्रकारांच्या रंगात असतो तो. पण त्याचे कण अतिशय बारीक केले, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसू नयेत इतके, की त्याचा पिवळेपणा उतरू लागतो. पदार्थ तोच. कण जितका लहान, तितका रंग फिका. तू हे मला सांगितलंस तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. रंग पदार्थाचा असतो असंच मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवत आले होते. कणाच्या आकारावर रंग ठरतो, ही गोष्ट मला काहीशी अन्यायाचीच वाटली.

"तुला अन्याय वाटून काय उपयोग," तू म्हणालीस. "ये, दाखवते."

आणि मी जी तुझ्याबरोबर कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिरले ती अडकलेच. रविवारी, दिवाळीच्या सुट्टीत, मे महिन्यात. माझ्या घरी सासूबाईंना वाटायचं, पगार वाढणार असेल. तू कॅडमियमच्या पाण्यात थोडं फॉस्फेट घालून, तोच सडक्या वासाचा गॅस अगदी जपून सोडून ते कण बनवायचीस. बाटलीत गाळ नाही, गढूळपणा नाही. हळदीचं पाणी निवळल्यावर दिसावं तसा स्वच्छ पिवळा द्रव.

पण तो रंग टिकायचा नाही. सकाळची बाटली दुपारी फिकी दिसायची. रंग नेमका मोजायचं यंत्र आपल्याकडे नव्हतं, ते मुंबईला सरांकडे. तिथे नेईपर्यंत आकडे बदललेले. एकदा केलेलं पुन्हा तसंच करून दाखवता येईना. सर म्हणाले, तुमच्या हाताला सफाई नाही. मग तू बाटल्या स्टीलच्या डब्यातून न्यायला लागलीस, आत उजेड जाऊ नये म्हणून. घरातलाच डबा, सुकटीचा. कितीही घासला तरी वास काही गेला नव्हता. सरांच्या प्रयोगशाळेतल्या मुली लांब सरकून बसायच्या. हे तू मला सांगितलंस तेव्हा मात्र तू स्वतःच हसलीस. मी हसायचं की नाही याच्या विचारात राहिले.

डब्याने प्रश्न सुटला होता. माझ्या मते तिथे विषय संपला. उजेडाने माल खराब होतो, झाकून ठेवा, पुढच्या कामाला लागा. मी तुला काळे कागददेखील आणून दिले. तू ते घडी घालून कपाटात ठेवलेस.

"झाकलं तर कळणार कसं?" तू म्हणालीस.

"काय कळायचंय? खराब होतंय."

"खराब कसं होतंय ते."

आपला सगळ्यात मोठा वाद हा. मला ती बाटली बिघडताना दिसत होती आणि तुला ती काहीतरी करताना दिसत होती.

तू भूगोल विभागातून स्लाइड प्रोजेक्टर मागून आणलास. रंगीत काचा कुठून मिळवल्यास ते मला आठवत नाही. पाण्यात सतत हवा सोडायची होती, कारण उजेडाबरोबर प्राणवायूही असला तरच ते कण झिजून पाण्यात विरघळतात, असा तुझा अंदाज होता. त्यासाठी तू ठाण्यातल्या दुकानातून फिशटँकचा छोटा पंप घेऊन आलीस. खोक्यावर रंगीत माशांचं चित्र होतं. तू म्हणालीस, "आमच्या घरात मासे जिवंत ठेवायचं यंत्र पहिल्यांदाच आलंय. आई विचारत होती, कशाला?"

त्या दिवशी प्रोजेक्टरपुढे हिरवट निळी काच लावली होती. रंग उतरत गेला, उतरत गेला, आणि मग थांबला. दिवा चालू, पंप चालू, बुडबुडे चालू. रंग मात्र तिथेच. आपण दोघी स्टुलावर बसून बघत होतो.

"संपलं असेल रसायन," मी म्हणाले.

तू उठलीस आणि काच काढून टाकलीस. दिव्याचा उघडा पांढरा उजेड बाटलीवर पडला, आणि थोड्या वेळाने रंग पुन्हा उतरायला लागला.

"संपलं नव्हतं," तू म्हणालीस. तुझा आवाज इतका हळू झाला होता की मला पंपाच्या आवाजात नीट ऐकूही आलं नाही. "वसू, थांबलं होतं ते."

मग तू मला फळ्यावर समजावलंस. मी विद्यार्थिनीसारखी समोरच्या बाकावर बसले. कण जो उजेड शोषतो, त्याच उजेडाने तो झिजतो. झिजला की लहान होतो. पुरेसा लहान झाला की तो उजेड त्याला शोषताच येत नाही, मग उजेड नुसता आरपार निघून जातो आणि कणाला काही होत नाही. मोठे कण आधी झिजणार. लहान वाचणार. शेवटी सगळे जवळजवळ एका मापाचे.

"म्हणजे काच बदलली की माप बदललं?"

"माप बदललं की रंग बदलला. काच बदल आणि बघ."

मी निळी काच लावली, मग जांभळी. प्रत्येक वेळी तो पिवळा वेगळ्या ठिकाणी येऊन थांबला. लिंबाच्या सरबतासारखा, मग त्याहून फिका, मग जेमतेम पिवळा. आपण उजेडाने त्या कणांना हव्या त्या मापाला आणत होतो. बाहेर मुलं क्रिकेट खेळत होती, शिपाई दार लावायला दोनदा येऊन गेला. मला तुझा चेहरा आठवतो. तेव्हाही तू हसत नव्हतीस. खूप भूक लागलेल्या माणसासमोर पान वाढलं की तो जसा आधी नुसता बघतो, तशी तू बघत होतीस.

सरांना ते पटलं नाही असं नाही. त्यांना भीती वाटली. ते वाईट नव्हते, हे तूच मला पुन्हा पुन्हा सांगायचीस. निवृत्तीला आलेला माणूस. ते म्हणाले, "नमुने टिकत नाहीत हे तुम्ही स्वतःहून लिहून दिल्यासारखं होईल, बाई. परीक्षक तेवढंच धरून बसतील. अंधारात बनवलेल्या नमुन्यांवर थिसिस पुरा करा. उजेडाचं नंतर बघू." लेख पाठवायचाही नंतरच.

मी म्हणाले, तू एकटीच्या नावाने लेख पाठव. तू नाही म्हणालीस. त्यांच्या यंत्रावर मोजलंय, त्यांना वगळून पाठवणार नाही. मी म्हणाले, मग भांड त्यांच्याशी. तू म्हणालीस, "भांडतेच आहे." आणि खरंच भांडलीस. शेवटी थिसिसच्या मागच्या भागात, इतर निरीक्षणं म्हणून, थोडक्यात ते आलं. तुझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट थिसिसच्या कोपऱ्यात बसली.

याच सगळ्याच्या मधे खडवली आली. विभागाची सहल तिथे नदीवर गेली होती. चढावर तू मागे राहिलीस. मी परत आले तर तू दगडावर बसून तोंडाने श्वास घेत होतीस, ओठ निळसर. मी घाबरले. तू हाताने थांब म्हणालीस आणि दम परत आल्यावर एखादा पत्ता सांगावा तसं सांगितलंस, की लहानपणी सांधे दुखून ताप यायचा, त्यात हृदयाची झडप गेली. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय. म्हणूनच लग्नाचं कुणी बघितलं नाही.

"कधी करायचं ऑपरेशन?"

"थिसिस दिल्यावर."

"आधी ऑपरेशन, हेमा."

"आणि टेबलावरून उठले नाही तर?"

"असं काय बोलतेस? आणि समजा नाही उठलीस, तर थिसिसचं काय करणार आहेस?"

"म्हणून तर आधी," तू म्हणालीस.

खाली नदीवर परत येऊन, पाण्यात पाय सोडून आपण बराच वेळ भांडत बसलो. मुलं लांबून बघत होती. मी तुझ्याशी चार दिवस बोलले नाही. तू ऑपरेशन वर्षभर पुढे ढकललंस. त्या वर्षात हृदय किती थकलं, लवकर केलं असतं तर आज तू असतीस का, हे मी तुझ्या डॉक्टरांना परवा विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. हेमा, मला अजूनही वाटतं की माझंच बरोबर होतं. आणि तू समोर असतीस तर तू म्हणाली असतीस की तुझं. हा वाद मी सोडलेला नाही. फक्त आता एकटीने घालावा लागतोय.

थिसिस देऊन झाला, ऑपरेशनही नीट झालं. त्या नवरात्रात तुझी आई टेंभी नाक्याच्या देवीची ओटी भरायला निघाली आणि आपण तिच्याबरोबर गेलो. गर्दीतून बाहेर पडून शांत गल्लीत आल्यावर तू मला थांबवलंस. "ऐक." मी कान दिला. तुझ्या छातीतून बारीक टिकटिक ऐकू येत होती, नव्या झडपेची. "आता वर्गात घड्याळ लागायचं नाही," तू म्हणालीस. पुढची दोनेक वर्षं तू जिने न थांबता चढलीस. ती वर्षं आपल्याला मिळाली, याबद्दल मी कुणाचे आभार मानू ते मला कळत नाही, पण मानते.

मग तो लेख. मुंबईच्या ग्रंथालयात मी दुसरंच काही शोधायला गेले होते. परदेशातल्या कुणीतरी तेच केलं होतं. कॅडमियम सल्फाइड, पाण्यात हवा, एकाच रंगाचा उजेड, आणि झिजणं ठरावीक मापावर थांबतं. चांगला दिवा, नेटकं मोजमाप, मोठ्या नियतकालिकात. मी तो तिथेच उभ्याने दोनदा वाचला. तेव्हा तुझी तब्येत पुन्हा बिघडायला लागली होती, तू रजेवर होतीस. तुला सांगावं की सांगू नये? लपवलं असतं तर तू मला कधी माफ केलं नसतंस. मी झेरॉक्स काढली आणि सरळ चेंदणीला आले.

तुझी आई दारात कोळंबी सोलत बसली होती. तू आत कॉटवर. मी कागद तुझ्या हातात दिले. तू पेन्सिल मागितलीस. पूर्ण वाचलंस, मधे दोन ठिकाणी खुणा केल्यास. मग म्हणालीस, "दिवा फार चांगला आहे यांचा." मग म्हणालीस, "वसू, तू आता घरी जा."

मी गेले. पुढच्या आठवड्यात तू स्वतः मला बोलावून घेतलंस. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"मला राग आला नाही असं समजू नकोस," तू म्हणालीस. "खूप आला. सरांचा आला, माझा आला. तुझाही आला, तू आणून दिलंस म्हणून."

"माहीत आहे."

"पण एक आहे. मला एकटीलाच वेड लागलं नव्हतं."

मी म्हणाले, आपण त्यांना पत्र लिहू, आपणही हे पाहिलं होतं म्हणून कळवू. तू म्हणालीस, "कशाला? त्यांनी केलंय, छान केलंय." मी हट्टाला पेटले. तू भिंतीकडे तोंड केलंस. पत्र लिहिलं नाही. तुला आतून काय वाटत होतं, ते पोटाशी धरून तू किती दिवस काढलेस, हे मी विचारायला हवं होतं असंही नाही. तू सांगितलं नसतंसच. पण आज सगळ्यात जास्त तेच विचारावंसं वाटतं.

शेवटी हॉस्पिटलात तुझी वाचा गेली होती. रक्त पातळ राहायची गोळी चालू असूनही गाठ डोक्यात गेली म्हणाले. तू माझ्याकडे बघून काहीतरी म्हणत होतीस, पुन्हा पुन्हा, एकच काहीतरी. मी "हो, हो" म्हणत राहिले. मला कळलं नव्हतं, हेमा. तुलाही ते समजलं असणार, कारण तू मग बोलायची थांबलीस आणि माझ्या बोटांवर बोटं ठेवलीस. तू कधी कुणाचा हात धरणारी नव्हतीस.

तेरावं झाल्यावर मी निघाले तर तुझी आई दारापर्यंत आली. ती मला म्हणाली, "बाय, ती काय करायची गो तिथं? इतकी वरसं रविवारची पन जायची. मी इचारलं तर म्हनायची, आये, तुना नाय कलायचं."

मी उंबऱ्यातच सांगायला लागले. बारीक कण, उजेड, रंग. तिने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नाय कललं. मना दाव."

काल रविवारी मी तिला कल्याणला घेऊन आले. लुगडं नेसून, केसात अबोलीचा वळेसर माळून आली होती, लग्नाला निघावं तशी. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच कॉलेजात येत होती. मी तिला फळ्याजवळच्या स्टुलावर बसवलं. आदल्या दिवशीच बाटली करून ठेवली होती, तुझ्याइतकी स्वच्छ नाही जमली, पण पिवळी होती. तिने हात पुढे केला तर मी म्हणाले, "हात नका लावू आई, विषारी असतं ते."

तिचा हात तिथेच थांबला. "इख हाय? आनि पोर ह्यातच व्हती?"

"हातमोजे घालायची. आई, तिचा आजार लहानपणापासूनचा होता. मी डॉक्टरांना विचारलंय. ह्याच्याने नाही झालं."

तिने हात मागे घेऊन मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "लाव दिवा."

मी काच लावली, पंप लावला, प्रोजेक्टर चालू केला. वेळ लागतो, चहा घेऊन येऊ का, असं मी दोनदा विचारलं. तिने बाटलीवरून नजर काढली नाही. हात मांडीवर, पाठ ताठ, अगदी तू बसायचीस तशी. रंग उतरला. लिंबाच्या सरबतावर आला आणि तिथे थांबला. मी तसंच अजून थोडा वेळ राहू दिलं, म्हणजे तिची खात्री पटावी.

"आता का नाय उतरत?" तिने आपणहून विचारलं.

"ह्या काचेचा उजेड त्याला आता लागतच नाही, आई. कितीही वेळ ठेवला तरी एवढाच राहणार. हे हेमाने शोधून काढलं. मी इथेच बसले होते तेव्हा."

"कुनी सांगितलं नव्हतं तिला?"

"कुणी नाही."

तिने पदराने चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा बघितलं. ती रडेल असं मला वाटलं होतं. रडली नाही. शेवटी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, "तू तिच्याशी मनात बोलतेस ना गो? मना ठाव हाय, मी पन बोलते. पन माजं ती आयकायची नाय, तुजं आयकायची. तिला सांग, आये आलती. आयेला कललं."

तेवढं सांगायला हे लिहिलं, हेमा. तुझी आई आली होती. तिला कळलं.

— वसू